ओले अंथरूण आणि प्रतिगमनाची संकल्पना : ब्रिटनमधील बालकांच्या युद्धकालीन स्थलांतराचा एक अभ्यास (१९३९–१९४५)

प्रस्तावना

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात संरक्षण यंत्रणा शिकविताना प्रतिगमन या संकल्पनेच्या वाट्याला बहुधा एकच परिच्छेद येतो. ताण असह्य झाला म्हणजे व्यक्ती विकासाच्या आधीच्या टप्प्यावरील वर्तनाकडे परतते, ही व्याख्या; आणि धाकटे भावंड जन्मल्यावर पुन्हा अंगठा चोखू लागलेल्या किंवा अंथरूण ओले करू लागलेल्या मुलाचे उदाहरण. हे उदाहरण आता इतके रुळले आहे की, त्यालाही काही इतिहास असेल अशी शंका येत नाही. वस्तुतः ओल्या अंथरुणाकडे मनाची माघार म्हणून पाहण्याची दृष्टी समाजात सहजासहजी रुजलेली नाही. तीच चादर कधी आळसाचा, कधी वाईट वळणाचा, तर कधी मूत्राशयाच्या विकाराचा पुरावा मानली गेली आहे. तिच्याकडे कोण पाहत होते आणि ती धुण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले होते, यावर तिचा अर्थ बराचसा अवलंबून राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ब्रिटनमधील शहरांतून लाखो मुले खेड्यापाड्यांत हलविण्यात आली. त्या काळात या प्रश्नावर जेवढी जाहीर चर्चा झाली तेवढी आधी किंवा नंतर क्वचितच झाली असेल. प्रस्तुत लेखात त्या चर्चेचा मागोवा घेतला आहे. प्रतिगमनाची संकल्पना मनोविश्लेषणाच्या ग्रंथांत १९३९ पूर्वीच सिद्ध झालेली होती. परंतु सामान्य घरांत, सरकारी कचेऱ्यांत आणि पुढे रुग्णालयांत ती पोहोचली ती या स्थलांतरामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिने मुलाच्या माथ्यावरील दोष उतरविला, हे खरे; पण तसे करताना आणखी एका वस्तुस्थितीवरून नजर हटविली, हेही तितकेच खरे आहे.

संकल्पनेची पूर्वपीठिका

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्याकडे म्हटले जाते. माणूस पुढे जातो तसा मागेही येऊ शकतो, ही जाण लोकव्यवहारात पूर्वापार आहे. तिला शास्त्रीय बैठक मिळाली ती मनाच्या नव्हे, मेंदूच्या अभ्यासातून. ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८८४ मध्ये दिलेल्या क्रूनियन व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, मज्जासंस्था उत्क्रांतीच्या क्रमाने घडते आणि रोगात ती त्याच्या उलट क्रमाने मोडते. सर्वांत शेवटी आलेले, सर्वांत गुंतागुंतीचे आणि सर्वाधिक ऐच्छिक असे कार्य सर्वांत आधी जाते; जुने आणि आपोआप घडणारे मागे उरते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९१ मधील वाचाघातावरील आपल्या ग्रंथात जॅक्सन यांचा हा विचार स्वीकारला.

पुढे स्वप्नांची मीमांसा करताना फ्रॉइड यांनी प्रतिगमन ही संज्ञा वेगळ्या अर्थाने वापरली. झोपेत मानसिक उत्तेजना कृतीच्या दिशेने न जाता उलट वळते आणि संवेदनेच्या टोकाशी पोहोचते. म्हणून विचार चित्ररूपाने दिसतात. या ग्रंथाच्या १९१४ च्या आवृत्तीत त्यांनी तीन प्रकार सांगितले : मनाच्या रचनेतील, काळाच्या क्रमातील आणि अभिव्यक्तीच्या रूपातील. पाठ्यपुस्तकांत टिकला तो दुसरा.

पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्ना येथे दिलेल्या व्याख्यानमालेत त्यांनी यासाठी जो दृष्टान्त योजला तो लक्षात घेण्याजोगा आहे. स्थलांतर करणारा एखादा समूह वाटेतील मुक्कामांवर आपल्या मोठ्या तुकड्या मागे ठेवून पुढे जातो. पुढे गेलेल्यांना शत्रू भारी पडला तर ते त्या मुक्कामांकडे माघार घेतात आणि मागे जितकी अधिक माणसे ठेवलेली असतील तितका पराभवाचा धोका वाढतो. दृष्टान्तातील समूह स्वतःहून निघालेला आहे आणि आपल्यामागे कोणते मुक्काम आहेत हे त्याला ठाऊक आहे. सुमारे वीस वर्षांनी खरोखरीचे स्थलांतर घडले, तेव्हा त्यातील प्रवाशांना कोठे जायचे आहे हेही सांगितलेले नव्हते.

फ्रॉइड यांच्या कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये अहं आणि त्याच्या संरक्षण यंत्रणा यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवरच्या मनोविश्लेषणात विखुरलेल्या यंत्रणा त्यांनी एकत्र मांडल्या; त्या यादीत प्रतिगमनाचे नाव पहिले आहे. जून १९३८ मध्ये फ्रॉइड कुटुंबाने नाझींच्या ताब्यातील व्हिएन्ना सोडले आणि ते लंडनला आले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी सिग्मंड फ्रॉइड यांचे निधन झाले. त्या वेळी लंडनमधील मुले गावोगावी जाऊन तीन आठवडे झाले होते.

सप्टेंबर १९३९

युद्धपूर्व काळात सरकारला भीती होती ती प्रौढांच्या मानसिक कोसळण्याची. १९३८ मध्ये काही नामवंत मनोविकारतज्ज्ञांनी आरोग्य मंत्रालयाला असा इशारा दिला होता की, हवाई हल्ल्यांत शारीरिक जखमींपेक्षा मानसिक रुग्णांची संख्या कितीतरी अधिक, लाखोंच्या घरात असेल. बॉम्ब पडू लागताच नागरिक असहाय बालकांसारखे वागू लागतील, अशी ही कल्पना होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. शासनकर्त्यांना मानसिक विस्कळीतपणाचा पहिला अनुभव आला तो बॉम्ब पडण्याच्या कितीतरी आधी आणि ज्या ठिकाणी बॉम्ब पडण्याचा संभव नव्हता तेथे.

१ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत सरकारी योजनेखाली सुमारे १४ लाख ७३ हजार लोक हलविण्यात आले. त्यांत आईवडिलांविना, शिक्षकांबरोबर निघालेली शाळकरी मुले सुमारे ८ लाख २७ हजार होती. रेल्वेचे वेळापत्रक चोख होते. त्यापुढचे नियोजन मात्र तोकडे होते. किती डोकी कोणत्या जिल्ह्यात उतरतील याचा हिशेब झाला होता. कोणते मूल कोणाच्या घरी राहील याचा झाला नव्हता. अनेक ठिकाणी मुलांना गावच्या सभागृहात रांगेने उभे केले गेले आणि यजमानांनी त्यांतून निवड केली. एका मुलासाठी आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स आणि एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स असा भत्ता यजमानाला मिळे. जागा असेल त्याने मूल ठेवून घेणे कायद्याने बंधनकारक होते.

पहिल्याच रात्रीपासून तक्रारी सुरू झाल्या. उवा, खरूज, अपुरे कपडे, सुरीकाट्याने जेवता न येणे अशी ती यादी होती. तथापि वर्तमानपत्रे, महिला मंडळे आणि स्थानिक समित्या यांच्यात सर्वाधिक गाजला तो ओल्या अंथरुणाचा प्रश्न. १४ सप्टेंबर रोजी स्थलांतरावर चर्चा झाली तेव्हा ग्रामीण भागातील संताप थेट संसदेत पोहोचला. गाद्या नासल्या होत्या आणि शरद ऋतूच्या दमट हवेत चादरी वाळत नव्हत्या. मेणकापडाची मागणी एवढी वाढली की ते पुरेना. यजमान गृहिणीच्या दृष्टीने पाहता तिची तक्रार खोटी नव्हती. रोज सकाळी परक्याच्या मुलाची चादर धुणे, तेही बंबात पाणी तापवून आणि हाताने घासून, हे श्रम भत्त्यात धरलेले नव्हते. पुढे सरकारने या धुण्यासाठी जादा भत्ता मंजूर केला. बालमनाच्या एका आविष्काराची शासनाने घेतलेली ही बहुधा पहिली आर्थिक नोंद असावी.

चादरीचा अर्थ मात्र तोवर ठरून गेला होता. मूल अंथरूण ओले करते, म्हणजे त्याला घरी वळण लावलेले नाही. वळण लावलेले नाही, म्हणजे शहरातील गलिच्छ वस्तीतली आई निष्काळजी आहे. मूल घरीही असेच करीत होते का, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. यजमानाला ते ठाऊक नव्हते आणि ज्या आईला ठाऊक होते ती शेकडो मैल दूर होती. युद्धकालीन सामाजिक धोरणाचा इतिहास लिहिणाऱ्या रिचर्ड टिटमस यांनी १९५० मधील आपल्या ग्रंथात या प्रकरणाची सविस्तर छाननी केली आणि या गोंधळाचे मूळ मुख्यतः घर सुटल्याने आलेल्या अस्वस्थतेत आहे असे दाखविले. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत नवे घर अंगवळणी पडल्यावर हा प्रकार ओसरला.

तज्ज्ञांपैकी काहींनी हे आधीच ओळखले होते. १६ डिसेंबर १९३९ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून दूर करण्यात गंभीर मानसिक धोका आहे, असे त्यांनी त्यात बजावले होते. टॉटनहॅम आणि इझ्लिंग्टन या लंडनच्या भागांतून केंब्रिजला आलेल्या मुलांची पाहणी सुझन आयझॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे काय आवडते आणि कशाची उणीव भासते, हे त्यांनी मुलांनाच लिहायला सांगितले होते. प्रश्न मुलाला विचारावा, ही गोष्ट १९३९ च्या नियोजनात कोणालाही सुचली नव्हती. भावंडांना एकत्र ठेवावे आणि कुटुंबाशी संबंध टिकवावा, हा त्या पाहणीचा मुख्य आग्रह होता.

दरम्यान आईबापांनी आपला निर्णय स्वतःच घेतला. जानेवारी १९४० पर्यंत स्थलांतरितांपैकी निम्म्याहून अधिक लोक शहरांत परतले होते.

हॅम्पस्टेडमधील नोंदी

१९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर प्रत्यक्ष बॉम्बवर्षाव सुरू झाला. त्यानंतर अ‍ॅना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे लहान मुलांसाठी निवासी केंद्र काढले. पुढे तान्ह्या मुलांसाठी दुसरे आणि एसेक्समधील खेड्यात तिसरे. खर्चाचा भार मुख्यतः एका अमेरिकी मदतसंस्थेने उचलला आणि तिला नियमित मासिक अहवाल पाठवावे लागत. देणगीदाराला हिशेब देण्यासाठी लिहिलेले हे अहवालच बालमानसशास्त्राचा अमोल दस्तऐवज ठरले. त्यांच्या आधारे सिद्ध झालेली दोन पुस्तके, युद्ध आणि मुले यांविषयीचे १९४३ मध्ये व कुटुंबाविना वाढणाऱ्या बालकांविषयीचे १९४४ मध्ये, अमेरिकेत प्रकाशित झाली.

या नोंदींचा मुख्य निष्कर्ष तज्ज्ञांच्या युद्धपूर्व भाकिताच्या नेमका उलट होता. आई जवळ असेल आणि ती स्वतः घाबरलेली नसेल, तर बॉम्बहल्ला सोसूनही लहान मूल बहुधा सावरलेले राहते. आईपासून तुटले की ते सुरक्षित ठिकाणीही ढासळते. या ढासळण्याला निश्चित क्रम होता. जे नुकतेच शिकले ते आधी गेले : मलमूत्रावरील ताबा, स्वच्छतेची आवड, स्वतःच्या हाताने जेवणे, काहींच्या बाबतीत बोलणे. जॅक्सन यांनी मेंदूच्या आजारांत पाहिलेला क्रम येथे निरोगी मुलांत दिसत होता. त्याचे स्पष्टीकरण मात्र मज्जातंतूंत नव्हते. मूल स्वच्छता शिकते ती स्वच्छता चांगली आहे म्हणून नव्हे, आईला ती हवी असते म्हणून. ही शिस्त म्हणजे प्रेमाच्या बदल्यात केलेला एक प्रकारचा करार असतो. ज्या व्यक्तीशी करार झाला तीच नाहीशी झाली, तर तो पाळण्याचे कारणही उरत नाही.

या पुस्तकांतील पॅट्रिक या नावाच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध आहे. तीन वर्षे दोन महिन्यांच्या या मुलाला रडायचे नाही असे बजावलेले होते. तो रडला नाही. आई येईल, मला कोट घालील, टोपी घालील, घरी नेईल, असे तो दिसेल त्याला सांगत राहिला. ही अखंड उजळणी थांबवावी असे कोणीतरी सुचविताच त्याने बोलणे सोडले आणि कोट-टोपी घातल्याचे हातवारे तेवढे चालू ठेवले; शेवटी हातवारेही आखडले आणि उरली ती ओठांची व बोटांची पुसट हालचाल. इतर मुले खेळत असताना तो कोपऱ्यात उभा राहून तेवढेच करीत असे. वाक्याकडून खुणेकडे झालेला हा प्रवास काटेकोर अर्थाने प्रतिगमन म्हणावा की आणखी काही, याबद्दल मतभेद होऊ शकतो. वाचकाला मात्र ती हालचाल विसरता येत नाही.

केंद्राने या अनुभवावरून कारभारच बदलला. १९४२ च्या सुमारास सर्व मुलांची सर्व परिचारिकांनी मिळून काळजी घेण्याची पद्धत सोडून मुलांचे छोटे गट करण्यात आले आणि प्रत्येक गट एका परिचारिकेकडे कुटुंबासारखा सोपविण्यात आला. त्याबरोबर शांत वाटणाऱ्या मुलांत हेवेदावे, रडारड आणि हट्ट यांचा उद्रेक झाला. वरवर पाहता प्रकृती बिघडली. परंतु हे वादळ ओसरल्यावर जी शिस्त महिनोन्‌महिने लावता आली नव्हती ती मुले त्या एका व्यक्तीसाठी शिकू लागली. मूल मागे गेले होते ते वाट चुकल्यामुळे नव्हे, पुढे कोणी थांबलेले नव्हते म्हणून, हे यावरून दिसून आले.

या संकल्पनेची दुसरी बाजू

येथवरचे विवेचन वाचून मनोविश्लेषणाने अज्ञानावर मात केली, असे चित्र उभे राहील. ते पुरते खरे नाही.

लंडनच्या गरीब वस्त्यांत अनेक कुटुंबांना मिळून एकच शौचालय असे. खेड्यातील घरांत ते बहुधा परसाच्या टोकाला, अंधारात असे. अनोळखी घरात रात्री उठून, यजमानांना जागे न करता, तेथवर जाण्याचे धैर्य सहा वर्षांच्या मुलाने कोठून आणावे? शिवाय जाण्याच्या दिवशी कित्येक गाड्यांना शौचालयाची सोय नव्हती आणि प्रवास तासन्‌तास चालला होता. गावच्या सभागृहात पोहोचलेल्या मुलाची विजार ओली असेल, तर तेथे फ्रॉइडची गरज नाही. सर्वच ओल्या चादरींना प्रतिगमन म्हणणे हे त्या सर्वांना वाईट वळण म्हणण्याइतकेच ढोबळ आहे.

या संदर्भात कुर्ट लेविन, रॉजर बार्कर आणि तमारा डेंबो यांच्या अमेरिकेतील १९४१ च्या प्रयोगाचा उल्लेख करणे उचित ठरेल. त्यांनी ३० लहान मुलांना आकर्षक खेळणी दाखवून मग ती जाळीपलीकडे ठेवली. खेळातील रचनात्मकता सरासरी १७.३ महिन्यांच्या मानसिक वयाने घसरली. परंतु लेविन यांनी येथे एक भेद केला होता. व्यक्ती स्वतःच्या आयुष्यातील जुन्या वर्तनाकडे परत जाते ही एक गोष्ट. तिच्या वर्तनाची घडी साधी आणि विसविशीत होते ही दुसरी. दुसऱ्यासाठी मागील मुक्कामांची आवश्यकता नसते, समोर अडथळा असला तरी पुरते. हा भेद स्थलांतरितांना लावला असता, तर काही चादरींचे कारण मुलाच्या भूतकाळात नव्हे, यजमानाच्या परसात सापडले असते. दुर्दैवाने आपल्या पाठ्यपुस्तकांनीही हा भेद बहुतांशी गाळला आहे.

गरिबीचा प्रश्न ज्यांनी उचलला त्यांनी तो वेगळ्याच रीतीने उचलला. महिलांच्या एका सार्वजनिक कल्याण गटाने १९४३ मध्ये शहरी जीवनावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात घरांची टंचाई आणि अपुरे उत्पन्न यांची दखल होती, शिशुशाळांची मागणीही होती. पण त्याचबरोबर ‘समस्याग्रस्त कुटुंब’ ही कल्पना त्यात रूढ झाली. स्थलांतरामुळे ब्रिटिश समाजाला गरिबीचे दर्शन घडले आणि त्यातून कल्याणकारी राज्याबाबत एकमत झाले, असे टिटमस यांच्यापासून मानले जात होते. जॉन मॅक्निकल यांनी १९८६ मध्ये या समजुतीला आव्हान दिले. स्थलांतराने अनेकांचे पूर्वग्रह उलट दृढच केले आणि दोष परिस्थितीऐवजी कुटुंबाकडे वळविला, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रस्तुत लेखकाला हे म्हणणे पटते. यात एक भर मात्र घालावीशी वाटते. मनोविश्लेषकांनी मुलाला निर्दोष ठरविताना आईला केंद्रस्थानी आणले. आणि केंद्रस्थानी आलेली व्यक्ती दोषाच्या कक्षेत लवकर येते. बोल्बी यांचे युद्धोत्तर लेखन मातांना घरी डांबणारे आहे, ही टीका पुढे झाली, तिचे बीज या काळात आहे.

रुग्णालयाच्या दारात

हॅम्पस्टेडच्या केंद्रात भट्टी आणि डागडुजी सांभाळणारा एक तरुण स्कॉटिश कर्मचारी होता. तेथील पद्धतीप्रमाणे त्यालाही मुलांविषयीची निरीक्षणे लिहून ठेवावी लागत. हे जेम्स रॉबर्टसन. युद्धानंतर, १९४८ पासून, ते बोल्बी यांच्याबरोबर टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करू लागले. लहान मुलांना रुग्णालयात ठेवले म्हणजे हॅम्पस्टेडमधीलच क्रम घडतो, हे त्यांच्या ध्यानी आले : आधी आक्रोश, मग खचलेपण आणि शेवटी एक फसवी शांतता. वॉर्डातील परिचारिका या शांततेला रुळणे म्हणत. मूल घरी परतल्यावर अंथरूण ओले करी, आईला चिकटून राही किंवा तिला ओळख देत नसे. ते रुग्णालयाला दिसत नव्हते. पालकांच्या भेटीला त्या वेळी आठवड्यातून मोजके तास मिळत, कोठे तेही नाहीत.

आपले कोणी ऐकत नाही म्हणून रॉबर्टसन यांनी हाती धरण्याचा कॅमेरा घेतला आणि किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षे पाच महिन्यांच्या एका मुलीचे चित्रण केले. १९५२ मध्ये डॉक्टरांपुढे तो चित्रपट दाखविला गेला, तेव्हा अनेकांना तो रुग्णालयांची बदनामी वाटला. त्यातली मुलगी फारशी रडत नाही. वयाच्या मानाने ती स्वतःला विलक्षण आवरून धरते आणि अधूनमधून, खेळता खेळताच, आई कुठे आहे असे विचारते. अ‍ॅना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र हे चित्र ओळखीचे होते. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, रुग्णालयातील मुलांच्या कल्याणासाठी नेमलेल्या प्लॅट समितीने पालकांच्या भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहता यावे, अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली. रुग्णालये मात्र वर्षानुवर्षे टाळाटाळ करीत राहिली. तेव्हा १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील काही आया एकत्र आल्या, त्यांनी संघटना स्थापन केली आणि आपापल्या रुग्णालयांत जाऊन भेटीच्या वेळा विचारण्यास प्रारंभ केला.